कधीतरी लागेल म्हणून

अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारे वाहन कोणते, या प्रश्नाचे उत्तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बदललेले नाही. ते आहे फोर्डची एफ-मालिका, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक. शेतकरी, गवंडी, सुतार, प्लंबर यांच्या कामासाठी १९४८ साली बाजारात आलेली ही गाडी आज उपनगरांत नोकरदारांच्या दारात उभी असते आणि बहुतेक दिवस मालकाला एकट्याला कचेरीत नेऊन परत आणते. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेने ट्रकमालकांना त्यांच्या वापराविषयी विचारले, तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांनी सांगितले, की आपण वर्षातून फार तर एकदा गाडीमागे काही जोडून ओढतो. सुमारे ३५ टक्के लोक हौद्यात सामानसुद्धा वर्षातून एकदाच टाकतात, नाहीतर टाकतच नाहीत. गाडी घेताना मात्र 'ओढायला लागेल', 'भरायला लागेल' हीच कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नसतात. कधी सोफा आणायचा असतो, कधी तोडलेल्या फांद्या टाकून यायच्या असतात, कधी बहिणीचे बिऱ्हाड हलवायचे असते. 'असू दे, कधीतरी लागेल' हे वाक्य माणूस प्रामाणिकपणेच म्हणतो. अपरिग्रहाचा आपल्या काळातला सगळ्यांत अवघड प्रश्न मला या प्रामाणिक वाक्यात दिसतो. त्याचे एक उत्तर साध्या मोटारीच्या मागे लागेल तेव्हा जोडायच्या दोन चाकांच्या ट्रेलरमध्ये आहे, असे मी या लेखात मांडणार आहे.

अपरिग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वस्तूंचे ढीग येतात. कपाटातल्या न नेसलेल्या साड्या, लॉकरमधले सोने, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले भूखंड. ढीग दिसतो, त्यामुळे त्याचा हिशेब मागता येतो. ट्रकच्या बाबतीत असा ढीग कुठेच नाही. वस्तू एकच आहे आणि ती रोजच्या वापरात आहे, म्हणून ती अनावश्यक म्हणावी तर मालक लगेच आपला रोजचा प्रवास दाखवील. इथे साठवली गेली आहे ती क्षमता. कित्येक टन ओढण्याची ताकद, चिखलातून जाण्याची ताकद, रोजच्या वीस मैलांसाठी जिची काडीमात्र गरज नाही अशी ताकद. वस्तूला निदान घराच्या भिंतींची मर्यादा असते. शक्यतांना ती नसते, कारण मन एका मोठ्या प्रसंगामागून त्याहून मोठा प्रसंग रचू शकते. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली धनवान शेतकऱ्याची गोष्ट या अंगाने वाचण्यासारखी आहे. एका वर्षी पीक भरभरून येते आणि तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो. त्याच रात्री त्याचे आयुष्य संपणार असते. पीक एका हंगामाचे होते आणि कोठार कायमचे होणार होते, याकडे प्रवचनकारांचे फारसे लक्ष जात नाही. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या मापाने त्याने उरलेल्या सगळ्या दिवसांची रचना करायला घेतली होती.

युरोपात हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवलेला दिसतो. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन या देशांत साध्या हॅचबॅक किंवा स्टेशन वॅगन गाडीच्या मागे ट्रेलर जोडलेला दिसणे ही शनिवारची नेहमीची गोष्ट आहे. मोटारीच्या नेहमीच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. गाडी आणि ट्रेलर यांची मिळून अनुज्ञेय वजनमर्यादा ३,५०० किलोच्या आत असेल, तर ट्रेलर त्याहून जडही चालतो. त्यापुढे वाढीव परवाना काढावा लागतो. ७५० किलोंच्या ट्रेलरचे स्वतःचे वजन वजा केले तरी पाचशे-साडेपाचशे किलो माल सहज जातो, म्हणजे उपनगरातल्या ट्रकमालकाला वर्षाकाठी जो काही माल हलवायचा असतो तो बहुतेक सगळा. अनेकदा ट्रेलर या कामाला अधिक सोयीचाच ठरतो. प्लायवुडचा प्रमाण तक्ता अमेरिकेत चार फूट बाय आठ फूट असतो. चार दारांच्या आजच्या लोकप्रिय पिकअपचा हौदा असतो साडेपाच फुटांचा, त्यामुळे मागची फळी उघडी टाकून तक्ता बाहेर लोंबकळत न्यावा लागतो. पाच बाय आठच्या ट्रेलरमध्ये तोच तक्ता सपाट बसतो. अ‍ॅक्सिऑस या वृत्तसंस्थेने फोर्डच्या ट्रकची जुनी आणि नवी मापे शेजारी ठेवून दाखवले होते, की पूर्वी लांबीचा ६४ टक्के भाग हौद्याचा आणि ३६ टक्के केबिनचा होता, तर २०२१पर्यंत केबिन ६३ टक्क्यांवर आणि हौदा ३७ टक्क्यांवर आला. ज्या कामाच्या नावाने गाडी घेतली जाते, त्या कामाची जागाच गाडीत कमी होत गेली.

ट्रेलर जोडण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. गाडीच्या मागे खाली लोखंडी गोळा असतो, युरोपात पन्नास मिलिमीटर व्यासाचा. ट्रेलरचे तोंड त्यावर आणून बसवायचे, खटका पडल्याचा आवाज ऐकायचा आणि मग दांडी वर ओढून ते खरोखरच अडकले आहे ना हे पाहायचे. सुरक्षेची साखळी अडकवायची, पुढचे छोटे टेकूचाक वर घ्यायचे, विजेचा प्लग जोडायचा आणि कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे, वळणाचे दिवे एकेक करून तपासायचे. मग माल भरायचा. जड सामान धुरेच्या किंचित पुढे ठेवायचे, कारण मागचा भाग जड झाला तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोलू लागतो. गोळ्यावर काही भार पडायला हवा, पण गाडीचे मागचे टोक दबेल इतका नको. जर्मनीत ट्रेलरसह वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, खास मान्यता असलेल्या जोडीला महामार्गावर १००. वळण रुंद घ्यावे लागते, ब्रेक आधी दाबावा लागतो, मागे जाताना चाक उलट्या दिशेने फिरवावे लागते. माणूस ओझे नेतो आहे, हे त्याला प्रत्येक किलोमीटरला जाणवत राहते. जैन परंपरेत साधकाच्या अंगी जो अप्रमाद, म्हणजे क्षणोक्षणीचे सावधपण, अपेक्षिले आहे, त्याचा एक छोटा वर्ग या कामात आपोआप भरतो. मोठ्या ट्रकच्या हौद्यात तेच सामान टाकले तर गाडीला आणि चालकाला काही जाणवतही नाही. सोय म्हणून ते चांगलेच आहे. पण ओझे जाणवेनासे झाले की ते किती असावे, हा प्रश्नही मनात येईनासा होतो.

साधूसाठी अपरिग्रह सोपा आहे असे नाही, पण निदान स्पष्ट आहे. सगळे सोडायचे. संसारी माणसाचे काय, या प्रश्नाला जैन आचार्यांनी जितके बारकाईने उत्तर दिले आहे तितके दुसऱ्या कुठल्या परंपरेत मला आढळत नाही. गृहस्थासाठी त्यांनी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत सांगितले. शेत, घर, सोने, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा प्रत्येकाने स्वतः ठरवायची आणि ठरवल्यावर ती ओलांडायची नाही. या व्रताचे शहाणपण मर्यादेच्या आकड्यात जितके आहे तितकेच ती ठरवण्याच्या वेळेत आहे. मन शांत असताना, वस्तू समोर नसताना माप ठरते. दुकानात उभे राहून ते ठरवायला गेले, की प्रत्येक वाढीव माप गरजेचेच वाटू लागते. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांना परिचित असलेल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या चुका, सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. पाचांपैकी दोन वाहनाशी आणि ओझ्याशी निगडित असावेत, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. हावेपोटी वाहन प्रमाणाबाहेर राबवणे किंवा बाळगणे आणि जनावरावर झेपणार नाही इतका भार लादणे, या दोन्ही गोष्टी आचार्यांना एकाच रोगाची लक्षणे वाटतात. मधला विस्मय तर आजच्या बाजाराला लागू करावा असा आहे. दुसऱ्याचे वैभव किंवा लाभ पाहून मनात जी खळबळ होते, ती व्रत मोडण्याआधीच व्रताला पोखरते. शेजाऱ्याच्या दारातली गाडी पाहून आपली लहान वाटू लागणे हे त्याचेच रूप आहे. आणि त्याच वेळी 'कधीतरी लागेल' हे कारण मनाला सुचते.

पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाची कारणे आणखी थेटपणे मांडली आहेत. वस्तू मिळवण्यात, राखण्यात, तिच्या झिजण्यात, तिच्यात मन गुंतण्यात आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेत, असे पाच ठिकाणी दोष दिसतात म्हणून वस्तू स्वीकारू नये. ट्रकला हे पाचही लावून पाहावेत. मिळवण्यासाठी वर्षानुवर्षांचे हप्ते, राखण्यासाठी विमा आणि मोठी पार्किंगची जागा, झिजेपोटी दोन टनांहून जड गाडीचे रबर आणि इंधन. आसक्तीबद्दल वेगळे सांगायला नको. पाचव्या दोषापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण तिथे हा प्रश्न खासगी राहत नाही. अमेरिकेत २००९ साली ४,१०९ पादचारी वाहनांखाली मेले आणि २०२२ साली ७,५२२. या वाढीला रस्त्यांची रचना, वेग, चालकांच्या हातातले फोन अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष मोठ्या गाड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण गाडीच्या तोंडाचा वाटा मोजला गेला आहे. विमा उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता तीस इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. मूल अशा तोंडासमोरून चालले तर चालकाला ते दिसतही नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या ताकदीची ही किंमत वर्षाचे सगळे दिवस रस्त्यावरच्या परक्या माणसांकडून वसूल होत राहते. ट्रेलर घरामागे उभा असतो तेव्हा त्याच्यामुळे कोणाला धोका नसतो. जोडला जातो तेवढ्याच तासांपुरता त्याचा धोका असतो.

इथे एक मूलभूत आक्षेप येतो. ट्रेलर वापरणाराही ताकद वापरतोच. मग मालकी असण्या-नसण्याने नैतिक फरक काय पडतो? हा वाद ख्रिस्ती जगात सातशे वर्षांपूर्वी फार निकराने झाला आहे. संत फ्रान्सिसच्या पंथातले साधू म्हणत, की आम्ही अन्न खातो, वस्त्रे नेसतो, मठात राहतो, पण यातले काहीच आमच्या मालकीचे नाही. आम्ही फक्त वापर करतो. पोप तिसरे निकोलस यांनी १२७९ साली हा भेद मान्य केला. वापर साधूंचा आणि मालकी रोमच्या धर्मपीठाची, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. पोप बाविसावे जॉन यांनी १३२२ साली ती मोडून काढली. त्यांचा युक्तिवाद धारदार होता: जी वस्तू वापरताच संपते तिची मालकी वापरापासून वेगळी कशी करणार? खाल्लेल्या भाकरीचा मालक दुसराच कोणी आहे, या म्हणण्याला काय अर्थ? माझ्या मते भाकरीपुरते जॉन बरोबर होते. पण त्यांच्याच युक्तिवादातून उलटी बाजूही निघते. जी वस्तू वापराने संपत नाही, तिची मालकी आणि वापर खरोखरच वेगळे करता येतात. जैन आचारग्रंथांत भोग आणि उपभोग असा जो भेद आहे, एकदाच वापरून संपणारे आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारे, तोही याच ठिकाणी येऊन पोहोचतो. ट्रेलर दुसऱ्या प्रकारात येतो. एकाने नेला म्हणून तो दुसऱ्यासाठी संपत नाही आणि तो एका घरात वर्षभर पडून राहतो तेव्हा अनेक घरांच्या उपभोगाला मुकतो.

हा भेद केवळ पोथीतला नाही, तो जगून दाखवणारा समाज अमेरिकेतच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातले जुन्या वळणाचे आमिश लोक मोटारीची मालकी घेत नाहीत. लांबच्या नातेवाइकांकडे, दवाखान्यात, लग्नकार्याला जायचे असेल तर ते बिगर-आमिश चालकाची गाडी भाड्याने करतात. बाहेरच्यांना यात ढोंग दिसते: गाडीत बसायचे आणि गाडी घ्यायची नाही! आमिशांचा विचार मात्र साफ आहे. मोटार पापी आहे असे ते म्हणत नाहीत. गाडी दारात आली की माणूस शेजाऱ्यापासून दूर जातो, गाव विरते, दुसऱ्याला विचारण्याची गरज संपते, ही त्यांची भीती आहे. भाड्याची गाडी बोलवावी लागते, तिला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ती खऱ्या गरजेलाच बोलावली जाते. त्यांचे सगळे नियम मला पटतात असे नाही. पण वापर आणि मालकी यांच्यामध्ये मुद्दाम थोडे अंतर ठेवले की गरज स्वतःच स्वतःला तपासते, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या दाखवले आहे. अमेरिकेच्या मुख्य प्रवाहालाही ही वाट अनोळखी नव्हती. १९४५ साली नौदलातून परतलेल्या लिओनार्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी कार्टी शोएन यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्ड इथे पाच हजार डॉलरच्या भांडवलावर ट्रेलर भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या काळी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाकडे असायची ती साधी मोटार. तिला मागे एक ट्रेलर जोडायचा, एका गावात घ्यायचा आणि दुसऱ्या गावात सोडायचा. यू-हॉल नावाची ती कंपनी आजही आहे आणि तिच्या केशरी ट्रेलरचे दिवसाचे भाडे ट्रकच्या एका महिन्याच्या हप्त्यापुढे अगदीच किरकोळ आहे.

अमेरिकन वाचक यावर म्हणेल, की युरोपात ठीक आहे, आमच्याकडे मोटारीने ट्रेलर ओढणे धोक्याचे आहे, कंपनीच तसे सांगते. यात तथ्य आहे आणि तो मुद्दा झटकून टाकता येणार नाही. सुबारू आउटबॅक या गाडीच्या साध्या इंजिनाच्या प्रकाराला अमेरिकेत २,७०० पौंड, म्हणजे सुमारे १,२२५ किलो ओढण्याची मुभा आहे, तर युरोपात २,००० किलोंची. फोक्सवॅगन गोल्फ युरोपात ब्रेक असलेला हजार-दीड हजार किलोंचा ट्रेलर ओढते, अमेरिकेत कंपनी तिच्यासाठी ट्रेलरची शिफारसच करत नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत. अमेरिकी महामार्गांवर ट्रेलरसह बऱ्याच राज्यांत शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जाता येते. त्या वेगाला ट्रेलर स्थिर राहावा म्हणून त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या गोळ्यावर ठेवण्याचा तिथे प्रघात आहे, युरोपात तोच चार ते सात टक्क्यांच्या आसपास असतो. लहान गाडीच्या मागच्या सांगाड्याला अमेरिकी पद्धतीचा भार झेपत नाही. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या अकरा मैलांच्या चढावर, भर उन्हाळ्याच्या उष्म्यात, वेग फार न ढळू देता ओढता आले पाहिजे, अशी कसोटीही तिथल्या अभियंत्यांच्या प्रमाणसंहितेत आहे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली मर्यादा पाळलीच पाहिजे. त्याबाबतीत बेपर्वाई करणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, आणि अतिभारवहनाचा दोष त्याच्याकडेही तितकाच जातो. पण या फरकाचे मूळ पाहिले तर ते वेगात आहे. ताशी ऐंशीने जायला तयार असलेल्या समाजाला लहान गाडी पुरते. एकशे दहाने जाण्याचा हट्ट धरणाऱ्याला मोठी लागते. इथेही वर्षातल्या एका दिवशी अर्धा तास उशिरा पोहोचायचे की उरलेले सगळे दिवस मोठी गाडी चालवायची, असाच सौदा आहे. अमेरिकी मर्यादेच्या आतही मध्यम आकाराची मोटार छोटा ट्रेलर आणि घरगुती सामान ओढू शकते, हे यू-हॉलचा इतका जुना धंदाच सांगतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. दोष माणसांना का द्यायचा? युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून अमेरिकेने १९६४पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. ती आजतागायत उठलेली नाही, त्यामुळे देशी कंपन्यांना ट्रकच्या बाजारात भक्कम कुंपण मिळाले. १९७५च्या कायद्याने इंधनबचतीची सक्ती आली तेव्हा हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सैल माप मिळाले. व्यवसायासाठी घेतलेल्या सहा हजार पौंडांहून जड गाडीला करातही सवलत मिळते. अशा सगळ्या उतारावर पाणी जिकडे वाहायचे तिकडेच वाहिले. हे सगळे खरे आहे आणि हे कायदे बदलले पाहिजेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही व्रताची कल्पना जन्मली ती उतार असतो म्हणूनच. व्यवस्था जेव्हा हाव सोपी करते तेव्हा ठरवून घेतलेल्या मर्यादेची किंमत वाढते. ज्यांच्या हाताला रोज काम आहे, म्हणजे शेतकरी, बांधकामवाले, बागकाम करणारे, त्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांची मोठी गरज रोजचीच आहे. त्यांच्यासाठी ट्रक हे हत्यार आहे आणि हत्याराला परिग्रह म्हणणे अविचाराचे होईल.

मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप वेगळाच आहे. ट्रकवाला शेजारी हा गल्लीचा आधार असतो. कोणाला फ्रिज आणायचा असो, कोणाचे घर हलवायचे असो, लोक त्याच्याकडे जातात आणि तो शनिवार मोडून येतो. त्याची वाढीव ताकद अशी दानात खर्च होते. उलट, जो 'मी कमीत राहतो' असे म्हणतो आणि वेळ आली की दुसऱ्याचा ट्रक मागतो, त्याचा अपरिग्रह दुसऱ्याच्या परिग्रहावर उभा असतो. हा आक्षेप खोडून काढण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यात सत्य आहे. फुकटचा त्याग दुसऱ्याच्या खिशातून होतो आणि अशा त्यागाचा अभिमान ट्रकच्या अभिमानापेक्षा वाईट. पण ट्रेलरमुळे नेमकी ही कोंडी फुटते. त्याला इंजिन नाही, त्याची किंमत चार घरांनी वाटून घेता येते, तो मागायचा तर त्याच्याबरोबर माणसाचा आख्खा दिवस मागावा लागत नाही. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये मोठ्या दुकानांच्या आवारात काही तासांसाठी ट्रेलर फुकट मिळतात. त्यांच्या अंगावरच्या जाहिराती त्यांचा खर्च भागवतात. ट्रेलर हीसुद्धा वस्तूच आहे, तोही कोणाच्या तरी अंगणात गंजत पडू शकतो, हे मान्य. प्रत्येक घरात एकेक पडून राहिला तर आपण फक्त ढिगाचा आकार बदलला असे होईल. म्हणून माझा आग्रह ट्रेलर विकत घेण्याचा नाही. मोठी गरज गाडीपासून सुटी ठेवण्याचा आहे, कारण सुटी असलेली गोष्टच वाटून घेता येते.

महाराष्ट्रात मोटारीला ट्रेलर जोडणे सहसा दिसत नाही, पण हे शहाणपण इथे परके नाही. लग्नात पाचशे पानांची पंगत उठते म्हणून कोणी घरात पाचशे ताटे ठेवत नसे. गावकीची किंवा देवळाची भांडी मोजून आणायची आणि घासून, मोजून परत करायची, अशी रीत होती. शहरात फ्रिज किंवा कपाट हलवायचे तर नाक्यावरचा टेम्पो सांगायचा. २००५ साली टाटांची एस गाडी आली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले, त्यानंतर तर गल्लीबोळातल्या मोठ्या गरजेला नेमके माप मिळाले. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, ती 'मंगलप्रभात' या पुस्तकात एकत्र आहेत. गरज नसलेली वस्तू बाळगणे त्यांना चोरीच्या जवळचे वाटत होते, कारण ती कोणाच्या तरी वाट्यातून आलेली असते. पूर्ण अपरिग्रह माणसाला जमणारा नाही, हेही ते जाणून होते. आज भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक एसयूव्ही आहेत आणि पुण्या-मुंबईच्या गाडीबाजारात तीच भाषा ऐकू येते: कधी कोकणात घाट चढायचा, कधी गावाकडच्या कच्च्या रस्त्याने जायचे, कधी सात माणसे एकदम निघायची. अमेरिकेला जे वळण घ्यायला पन्नास वर्षे लागली ते आपण फार लवकर घेत आहोत, आणि आपल्या रस्त्यांवर पायी चालणारे तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. वाट्याचा मुद्दा तर इथे अगदी शब्दशः लागू पडतो. नाक्यावर उभा असलेला टेम्पोवाला आपल्यासारख्या शेकडो घरांच्या वर्षातून एकदा येणाऱ्या गरजांवर आपले घर चालवतो. ती गरज आपण आपल्या दारातल्या गाडीत कायमची बांधून टाकली, तर आपल्या हाती येते ती बहुतेक दिवस न वापरलेली ताकद, आणि त्याच्या हातून जाते ती एक फेरी.